खळ वाळेपर्यंत

फॉर्मवर एकूण सव्वीस रकाने होते. त्यातले पंचवीस मी चहा निवायच्या आत भरले. अनुभवाच्या रकान्यात 'एकतीस वर्षे, ग्रंथालयाचा बांधणी विभाग' असं लिहून खाली पट्टीने एक रेघसुद्धा ओढली. रेघ कोणी मागितली नव्हती, पण एकतीस वर्षांना एवढा मान हवाच. सव्विसाव्या रकान्यात विचारलं होतं, अभ्यासक्रमाचा कालावधी तासांत लिहा. तिथे माझं पेन जे थांबलं ते एकवीस दिवस थांबलं.

अभ्यासक्रम माझाच होता, 'घरबसल्या पुस्तकबांधणी'. ऑनलाइन. म्हणजे मी माझ्या घरी पुस्तक बांधणार आणि लोक त्यांच्या घरी बसून ते बघणार. ही हौस मला आपणहून आलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी निवृत्त झालो आणि आठव्या महिन्यात ग्रंथालयात नवे ग्रंथपाल आले. त्यांना बांधणीच्या खोलीत मऊ खुर्च्या ठेवायच्या होत्या, आणि खुर्च्या आत म्हणजे माझा मोठा शिकंजा बाहेर, थेट भंगारात. शिकंजा म्हणजे नुकतं बांधलेलं पुस्तक दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र. वर चाक, खाली पाट आणि मधे पुस्तक. त्या चाकाला मी एकतीस वर्षं रोज सकाळी तेल घातलंय. घरातल्या कोणाची मी इतक्या नेमाने विचारपूस केली नाही असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

मी ग्रंथपालांच्या खोलीत जाऊन तावातावाने बोललो. त्यांनी मला पाणी दिलं आणि हल्ली बांधणी शिकतं कोण, असं शांतपणे विचारलं. माणूस उलट ओरडला तर बरं असतं, पाणी देणाऱ्याशी भांडता येत नाही. शेवटी प्रौढ शिक्षण केंद्राच्या अधिकारी बाई मधे पडल्या. केंद्र ती खोली शिकंज्यासकट वर्गासाठी घ्यायला तयार होतं, फक्त मागणी दिसायला हवी होती. मी ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा आणि तीन महिन्यांत निदान दहा जणांनी तो शेवटपर्यंत पुरा करायचा. दहा झाले तर शिकंजा राहील, नऊ झाले तर खुर्च्या येतील.

तेव्हा लांबीचा प्रश्न साधा नव्हता. मी आधी लेकीला विचारलं. ती एका कंपनीत लोकांना ऑनलाइन गोष्टी कशा शिकवाव्यात हे ऑनलाइन शिकवते, म्हणजे अधिकारी व्यक्ती. ती म्हणाली, "बाबा, सहा मिनिटं. सातव्या मिनिटाला माणूस निघून जातो."

"कुठे जातो?"

"दुसऱ्या सहा मिनिटांकडे."

सहा मिनिटांत माझी सुईसुद्धा ओवून होत नाही. मी वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांकडे गेलो. निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली, पण जिन्यात भेटले तरी आपण उशिरा आलोय असं वाटतं. त्यांनी एक वर्ष सांगितलं. दोन सत्रं, एक सहामाही, एक वार्षिक, शेवटचा आठवडा उजळणीला. मधल्या सुट्टीची वेळही त्यांनी ठरवून दिली. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर बाईंचा दवाखाना आहे. त्यांचं म्हणणं, माणसाचा संयम त्यांनी रोज मोजलेला आहे आणि तो वीस मिनिटं आहे. तोंड उघडं ठेवून माणूस वीस मिनिटं बसतो, पुढे हातवारे सुरू होतात. हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं आणि दोघांची आमच्या दारात, माझ्याच पायपुसण्यावर उभं राहून, पाऊण तास चर्चा झाली. तेवढ्या वेळात एक लहानसं पुस्तक शिवून झालं असतं.

बायको स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी न विचारता ती म्हणाली, "पुस्तक बांधायला लागतो तेवढा वेळ ठेवा की."

मी म्हणालो, तसं नसतं ते. लग्नाला चौतीस वर्षं झालेला माणूस बायकोचा सल्ला असा हातोहात घेत नाही. तो आधी नाकारतो, चार दिवस बाजूला ठेवतो आणि मग स्वतःचा म्हणून बाहेर काढतो. पाचव्या दिवशी सकाळी दाढी करताना मला एकदम सुचलं की पुस्तक बांधायला लागतो तेवढा वेळ ठेवावा. आपल्या बुद्धीचं मला कौतुक वाटलं, आणि मी त्याच आनंदात केंद्रात गेलो.

अधिकारी बाईंनी नियमांची वही काढली. तीस तासांपेक्षा कमी असेल तर त्याला अभ्यासक्रम म्हणता येत नव्हतं.

"मग काय म्हणतात?"

"माहितीपर चित्रफीत. तिला खोली मिळत नाही."

हाताचं काम किती तासांचं, हे त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं, चार. त्यांनी वही मिटायला घेतली. तेव्हा मी म्हणालो, बाई, हात थांबले म्हणजे काम थांबलं असं नाही. खळ वाळावी लागते. पुस्तकाच्या पाठीला लावलेली खळ वाळायला चार तास. पुठ्ठ्यांवर कापड चढवलं की आठ तास. आणि सगळं पुस्तक शिकंज्यात घालून चाक आवळलं की पुरते चौदा तास. यातलं एक मिनिट कमी केलं तर पुठ्ठा वाकतो आणि पुस्तक जन्मभर तोंड वासून कपाटात उभं राहतं. अधीर माणसांनी बांधलेली पुस्तकं मी शेल्फावर लांबून ओळखतो. माणसंसुद्धा.

बाईंनी बेरीज केली. मग परत केली. बरोबर तीस आले.

"पण या सव्वीस तासांत विद्यार्थी करणार काय?" त्यांनी विचारलं.

"हात लावणार नाही."

हे फॉर्मवर लिहायचं कसं, यात दुपार गेली. बाई दोनदा वरच्या साहेबांकडे जाऊन आल्या. शेवटी पाठ्यघटकांत नोंद झाली ती अशी : बांधणी, चार तास; संयम (प्रात्यक्षिक), सव्वीस तास. एकदा नोंदलेला कालावधी बदलता येणार नव्हता आणि चित्रण खरोखर तेवढं हवं होतं. बघणाऱ्याला पुढे पळवता येणार नव्हतं. शिवाय दर अर्ध्या तासाने पडद्यावर 'मी इथेच आहे' असं बटण येणार, ते दाबलं नाही तर विद्यार्थी बाद. सव्विसावा रकाना मी तिथेच उभ्याने भरला आणि खाली रेघ ओढली.

लेकीने कपाळावर हात मारला. तरी जुना फोन दिला, स्टँड दिला आणि जेवणाच्या टेबलासमोर सगळं नीट मांडून दिलं. टेबलावर माझा घरचा धाकटा शिकंजा ठेवला. जाताना तिने बजावलं, वाळण्याचे भाग घ्याल तेव्हा आवाज बंद करा. कुठलं बटण तेही दाखवलं. पण बटणावर माझा विश्वास नाही. बटण दाबलं म्हणजे काय झालं ते दिसत नाही. मी चष्मा लावून फोनच्या कडेवरचं आवाज आत जायचं बारीक भोक शोधलं, त्यावर पातळ कापडाचा तुकडा खळ लावून चिकटवला आणि वाळू दिला. काम इतकं नेटकं झालं की बोट फिरवलं तरी कळू नये. ते भोक आवाजाचं नव्हतं, सिमकार्ड बाहेर काढायला टाचणी खुपसायचं होतं, हे ज्ञान मला पुढे दोन महिन्यांनी झालं.

हाताच्या कामाचे चार तास झकास झाले. वाळण्याचे पहिले दोन भागही पार पडले. पडद्यावर शिकंजा, मागे भिंत आणि कडेला स्वयंपाकघराच्या दाराची एक फळी. मग तिसरा भाग आला, चौदा तासांचा. सकाळी सहाला चाक आवळलं, म्हणजे संध्याकाळी आठला उघडायचं.

साडेआठला हेडमास्तर वर्तमानपत्र मागायला आले. शिकंजा बघून त्यांनी विचारलं, काय ठरलं मग लांबीचं. मी खुर्चीत जरा सरसावून बसलो आणि म्हणालो, "माझं पहिल्यापासून स्वतःचं असं मत होतं, की पुस्तक बांधायला लागतो तेवढा वेळ ठेवावा."

दाराच्या फळीमागे मटारची परात ठेवल्याचा आवाज झाला.

हेडमास्तर अनुभवी माणूस, वर्तमानपत्र न घेता गेले. पुढचा पाऊण तास बायको जे बोलली त्यात लांबीचा विषय फक्त सुरुवातीला होता. मग बेडरूमच्या खिडकीचा आला. ती पूर्वेला काढायची कल्पना कोणाची आणि सांगितली कोणाची म्हणून. मग लेकीच्या नावाचा. मग मेहुणीकडे जायच्या जवळच्या रस्त्याचा, जो मी शोधला असं मी अकरा वर्षं सांगत आलोय. प्रत्येक मुद्द्याला तारीख होती. मी मधे एवढंच म्हणालो की कल्पना एकदा घरात आली की ती कोणाची हे काय बघायचं. हे म्हणायला नको होतं. सव्वानऊला ती म्हणाली, "ठीक आहे. आता मी काही बोलतच नाही, म्हणजे तुम्हाला काही सुचायचं नाही." आणि ती खरंच बोलायची थांबली.

न बोलणं आवाजाशिवाय होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आमच्या घरी यावं. झाकणं बोलतात, नळ बोलतो, कपाट तर फारच बोलतं. टेबल शिकंज्याने अडवलेलं, म्हणून दुपारी आम्ही स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो, ती ओट्याकडे तोंड करून आणि मी फ्रिजकडे. तीनच्या सुमाराला मी खुर्चीत घोरलो. चारला मी हवेबद्दल काहीतरी बोलून बघितलं. पाचला मी शिकंज्याशी बोललो. त्याला सांगितलं, की बाबा रे, तू एक बरा आहेस, दाबतोस पण सांगून दाबतोस. कपाट जोरात लागलं.

सात चाळीस झाले तेव्हा मी पार कंटाळलो होतो. म्हटलं चौदा काय आणि पावणेचौदा काय, कोण बघतंय. एकतीस वर्षांत जे केलं नाही ते करायला मी उठलो आणि चाकाला हात घातला.

"अजून वीस मिनिटं आहेत," दारातून आवाज आला.

साडेदहा तासांनंतरचं ते पहिलं वाक्य. मी हात काढून घेतला. मी म्हणालो, "वेळेचं ते तुझंच म्हणणं होतं. मटार सोलताना म्हणाली होतीस."

"माहिती आहे मला," ती म्हणाली. "चहा ठेवू का?"

आठला आम्ही दोघांनी मिळून पुस्तक उघडलं. पुठ्ठा आरशासारखा सपाट होता.

अभ्यासक्रम सुरू झाला. एकोणीस जणांनी नावं घातली, त्यातले निम्मे नातेवाईक. लेक रोज संध्याकाळी आकडा बघून सांगायची. पूर्ण केलेले : शून्य. दहा दिवसांनी शून्य, महिन्याने शून्य. हेडमास्तर पाठीची खळ वाळताना झोपले, त्यांचं बटण हुकलं आणि ते बाद झाले. आयुष्यात पहिल्यांदाच नापास झाल्यामुळे ते आठवडाभर मला जिन्यात भेटले नाहीत. ग्रंथपालांनी भिंतीचं माप घेऊन खुर्च्यांची मागणी नोंदवली. मी रोज ग्रंथालयात जाऊन शिकंज्याला तेल घालत होतो आणि भंगारात गेलेल्या यंत्रांचं पुढे काय होतं याचा विचार करू नये असं ठरवून तोच विचार करत होतो.

मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा आकडा हलला. एक. मग तीन. दोन दिवसांत आठ. नावं ओळखीची नव्हती. मी लेकीला म्हणालो, बघ, माणसाला अजून चांगल्या कामाची कदर आहे. त्याच दुपारी अधिकारी बाईंचा फोन आला. आवाज कडक होता, मला वाटलं काहीतरी तक्रार.

"तिसऱ्या भागात," त्या म्हणाल्या, "तुमच्या मिसेस शेवटी बोलतात का? थांबा, सांगू नका. मी दहाव्या तासावर आहे. नुसतं एवढं सांगा, आज ऑफिस सुटायच्या आत बोलतात का?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या नेटक्या कापडाच्या तुकड्याकडे बघत बसलो. मग खाली दातांच्या डॉक्टर बाईंकडे गेलो, तर त्याच माझ्यावर तापल्या. पेशंटांचं मन शांत राहावं म्हणून त्यांनी माझं वाळणं बाहेरच्या पडद्यावर लावलं होतं. आता पेशंट आत यायलाच तयार नव्हते. गाल सुजलेला एक गृहस्थ झाकण हळू ठेवलं गेलं की जोरात यावर शेजारणीशी वाद घालत होता आणि नंबर आला तर पुढच्याला पाठवत होता. पुढचं बघायला मिळावं म्हणून ही मंडळी घरी जाऊन अभ्यासक्रमाला नाव घालत होती. विद्यार्थ्यांच्या शंकांचं पान मी लेकीकडून उघडून घेतलं. अठराशे मिनिटांच्या माझ्या अध्यापनावर एकही शंका नव्हती. एकाने विचारलं होतं, खिडकी शेवटी पूर्वेलाच आहे ना. एकीने लिहिलं होतं, सरांचं चूक आहे पण घोरतात छान.

लेक म्हणाली, आत्ताच्या आत्ता काढून टाका. मलाही तेच योग्य वाटलं. आठच झाले होते, म्हणजे काढलं की शिकंजा गेला. पण बायकोचं बोलणं गावभर झालेलं, तिला न विचारता ठेवायचं कसं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, भोकासकट. काढून टाकतो, असंही सांगितलं.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आधी मला बघू दे. माझं नाव घाला त्यात."

तीन दिवस ती त्या पडद्यासमोर बसली. एकही बटण चुकवलं नाही. सुई ओवण्यापासून सगळं बघितलं. एकतीस वर्षं मी काय करत होतो ते तिने पहिल्यांदाच पाहिलं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि मला थोडी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाहेर आली. लेकीने आकडा सांगितला. नववा तो सुजलेल्या गालाचा गृहस्थ होता आणि दहावी माझी बायको.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी काही वावगं बोललेले नाही. लोकांना कळू दे कोणाचं म्हणणं होतं. पण खोली मिळाली तर वर्गात पहिल्याच दिवशी तुम्ही आपल्या तोंडाने सांगायचं."

मुदत संपली तेव्हा त्रेसष्ट झाले होते. अधिकारी बाई चौतिसाव्या, कारण वरच्या साहेबांनी मधेच बोलावल्याने त्यांचं बटण हुकलं आणि त्यांना नव्याने नाव घालून पहिल्यापासून बसावं लागलं.

वर्गाच्या पहिल्या दिवशी खोली गच्च भरली. ग्रंथपालांनी समजूतदारपणे एकच मऊ खुर्ची पाठवली होती, तिच्यात बायको बसली. मी शिकंज्याजवळ उभा राहिलो. सगळे माझ्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होते. मी घसा साफ करून सांगितलं, की या अभ्यासक्रमाची लांबी हिने ठरवली. खिडकी, नाव आणि रस्ता यांचंही तसंच समजावं. हेडमास्तर पहिल्या रांगेत होते, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

मग मागून एक बाई पुढे आल्या. टपाल कार्यालयात शिक्के मारायचं काम करतात म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक जुना शब्दकोश काढला, स्वतः बांधलेला. मी तो हातात घेतला. पाठ तपासली, टाके तपासले, मधोमध उघडून टेबलावर ठेवला. तो जसा ठेवला तसा सपाट राहिला. पुठ्ठा कुठे तसूभर वाकला नव्हता. माझ्याकडून शिकून बांधलेलं हे पहिलं पुस्तक, आणि ते बांधणारीला मी आज पहिल्यांदा बघत होतो.

"किती वेळ दाबून ठेवलंत?" मी विचारलं.

"चौदा तास. शिकंजा नाही माझ्याकडे, वर शिलाई मशीन ठेवलं होतं. तुमच्याबरोबरच सकाळी सहाला सुरू केलं. शेवटी शेवटी फार वाटत होतं उघडावं म्हणून. मशीन उचललंसुद्धा होतं."

"मग?"

"मग काकू म्हणाल्या ना, अजून वीस मिनिटं आहेत. ठेवलं परत खाली."

मी मागे बघितलं नाही, कारण मला बघवलं नसतं. तेवढ्यात हेडमास्तरांनी हात वर केला आणि विचारलं, की या वर्गाचा एकूण कालावधी किती असणार आहे, तो आधी कळावा. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, चार दिवसांपूर्वीच दाढी करताना सुचलेलं. मी तोंड उघडलं, मिटलं, आणि मऊ खुर्चीकडे बोट दाखवून चाकाला तेल घालायला घेतलं.